घरपोच नकार

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कांची स्कूटर संध्याकाळी रावपुऱ्यातल्या एखाद्या गल्लीत शिरली, की गल्लीतल्या आया आधी आपापली पोरं आठवायच्या. कुणाचं शेवटचं वर्ष, कुणाची ॲडमिशन अडकलेली, कुणाचं पोरगं कॉपी करताना सापडलेलं. स्कूटर आपल्या दारावरून पुढे गेली की हुश्श म्हणायचं, आणि जिच्या दारात थांबली तिच्याकडे तासाभराने वाटीभर साखर मागायला जायचं, अशी रीत होती. मुलं त्यांना यमदूत म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं. माझा तर संशय आहे की ते त्यांना आवडायचं.

त्यांचा नेम साधा होता. कॉलेजकडून कुणाला ‘हो’ कळवायचं असेल तर ते पत्राने जाई. ‘नाही’ कळवायचं असेल तर ते स्वतः घरी जाऊन सांगत. होस्टेलला जागा नाही, विषय बदलून मिळणार नाही, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही, असं जे काही दिवसभरात साचलेलं असेल ते एका चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालायची आणि साडेपाचला स्कूटरला किक मारायची. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका प्राचार्यांनी तर ‘याचं पेट्रोल कॉलेज देणार नाही’ असं बजावलं होतं. ‘मागितलंय कुणी?’ म्हणाले, आणि निघाले.

घरात शिरल्यावर आधी पाणी मागायचे. पाणी पिऊन झालं की पेला खाली ठेवून स्वच्छ शब्दांत ‘नाही’ सांगायचे. हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. ‘आधी नाही सांगून मग पाणी मागितलं तर देईल कोण?’ असा त्यांचा सवाल असे. एकदा सांगून झालं की मात्र उठायचे नाहीत. कुणी रडलं तर रडू द्यायचे, कुणी शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायचे. फतेपुऱ्यातल्या एका बापाने त्यांच्या दिशेने चप्पल भिरकावली होती. त्यांनी ती उचलली, दाराशी दुसरीच्या शेजारी नीट ठेवली आणि परत येऊन बसले. मग त्या घरातून चहा आला. चहा आल्याशिवाय ते घर सोडत नसत, आणि मला वाटतं बडोद्यात त्यांना चहा न मिळाल्याचं एकही उदाहरण नसावं.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं होतं. तरुणपणातली एखादी हृदय पिळवटून टाकणारी हकिगत ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘अगं, पत्राने “नाही” कळवलं की माणूस अर्ज करतो. अर्जाला उत्तर द्यावं लागतं. उत्तरावर स्मरणपत्र येतं. फाईल फुगत जाते. घरी जाऊन सांगितलं की दोन कप चहात फाईल बंद.’ हकिगत त्यांच्याकडे नव्हती. किंवा असेल, तर ती मला सांगण्याइतकी मी मोठी नव्हते.

मी आज एका विद्यापीठात उपकुलसचिव आहे. परीक्षेचा कारभार माझ्याकडे आहे. आता अर्जही पोर्टलवर आणि नकारही पोर्टलवर. लाल अक्षरात एक शब्द येतो आणि मुलगा जिथे असेल तिथे, रिक्षात नाहीतर पाणीपुरीच्या गाडीसमोर, एकटाच तो वाचतो. ज्या मुलाचं वर्ष जाणार असतं आणि जो गावातच राहतो, त्याच्या घरी मी जाते. दर वेळी जमतं असं नाही. पण आठवड्यातून एखादी फेरी होतेच. आमचा एक तरुण सेक्शन ऑफिसर मला कळवळून म्हणाला होता, ‘मॅडम, पोर्टल पर स्टेटस तो आ ही जाता है ने! आप क्यूँ जाते हो?’ माझ्या मागे ऑफिसात काय बोलतात ते मला माहीत आहे. यमदूत हा शब्द आताच्या मुलांना सुचत नाही एवढंच.

हेडक्लार्कांच्या बाकीच्या तऱ्हाही कमी नव्हत्या. रेकॉर्ड रूममध्ये जाताना ते चपला बाहेर काढत. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. ‘इथे लोकांची आयुष्यं रचून ठेवलीत, त्यावर धूळ नको,’ असं कारण सांगत. कुणाच्या अर्जात ‘नम्र विनंती’ दिसली की पेनाने तिच्यावर काट मारत. म्हणत, ‘नम्रता तोंडावर दिसू दे, कागदावर कारण लिही.’ गुजराती ते पन्नास वर्षं बोलत आले होते, पण असल्या ठसठशीत मराठी हेलात की ऐकणारा गुजराती माणूस त्यांची दया येऊन मराठीत उत्तर द्यायचा.

आणि ‘नियम आहे’ हे दोन शब्द त्यांच्या ऑफिसात कुणी उच्चारायचे नाहीत. एका नव्या कारकुनाने खिडकीतून एका मुलाला ‘नियम छे, भाई’ म्हणून वाटेला लावलं. हेडक्लार्क जागेवरून उठले, त्या मुलाला परत बोलावलं आणि कारकुनाच्या हातात नियमांचं पुस्तक दिलं. ‘कुठला नियम? वाच. मोठ्याने वाच, आम्ही दोघं ऐकतो.’ बिचाऱ्याला तो अर्ध्या तासाने सापडला, आणि नियम मुलाच्या बाजूचाच निघाला.

एक गर्व मात्र त्यांना होता. बडोद्यातली मराठी घरं आपल्याला पाठ आहेत, हा. कुणाचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, कुणाचे खासगी कारभारात, कोण रावपुरा सोडून नदीपलीकडे अकोट्याला राहायला गेलं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. त्यामुळे नकाराच्या चिठ्ठीवर ते पत्ता लिहीत नसत. आडनाव आणि नाव लिहीत, बस्स. ‘पत्ते टपालखात्याला लागतात,’ म्हणायचे.

याच गर्वाने एकदा त्यांना दगा दिला, आणि तो माझ्या घरात.

मी शेवटच्या वर्षाला होते. आमचं घराणं फौजेतल्या शिपायांचं, आणि आमच्या आडनावाची माणसं बडोद्यात इतकी की गर्दीत खडा मारला तर तिघांना लागावा. माझ्या वर्गात माझ्याच आडनावाची, माझ्याच नावाची आणखी एक मुलगी होती. वडिलांची नावं तेवढी वेगळी. ती अकोट्याला राहायची. मी तिला नीट ओळखतही नव्हते. दोघीही वर्गात नसायचो, तर ओळख होणार कुठून!

ती का येत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी का जात नव्हते ते माहीत होतं, आणि ते सांगण्यासारखं नाही. कंटाळा. सकाळी घरातून निघायचं, कमाटीबागेत बसायचं, सेव-उसळ खायची, मॅटिनी बघायची. हजेरीला माझ्या नंबरावर मैत्रीण ‘यस सर’ म्हणायची. एका यस सरचा मोबदला एक प्लेट सेव-उसळ. अख्खं वर्ष असं काढलं.

परीक्षेचे फॉर्म भरून झाले होते. एका संध्याकाळी स्कूटर आमच्या दारात थांबली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, पेला ठेवला आणि वडिलांना म्हणाले, ‘मुलीची हजेरी कमी भरलीय. या वर्षी परीक्षेला बसता येणार नाही.’

माझ्यासाठी याचा अर्थ नुसतं वर्ष जाणं नव्हता. आत्याने माझ्यासाठी सुरतेचं स्थळ आणून ठेवलं होतं. ‘आधी ग्रॅज्युएट होऊ दे, मग नोकरी करते म्हणाली तर करू दे,’ असं म्हणून वडिलांनी ते थोपवून धरलं होतं. वर्ष गेलं की थोपवायला त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. हेडक्लार्क चहा पिऊन गेले. वडिलांनी मला एकच विचारलं, ‘खरं आहे?’ मला वाटलं, सेव-उसळीचं बिंग फुटलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. मैत्रिणीचं, मॅटिनीचं, सगळं. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी स्कूटर पुन्हा दारात. या खेपेला त्यांनी पाणी मागितलं नाही. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, ‘माझ्याकडून चूक झाली. ती दुसरी. अकोट्याची. तुमच्या मुलीची हजेरी भरपूर आहे. काल मी तुम्हाला उगाच त्रास दिला.’ आणि माझ्या वडिलांपुढे, वयाने दहा वर्षांनी लहान माणसापुढे, त्यांनी हात जोडले.

आईने देवाजवळ साखर ठेवायला धाव घेतली. वडील जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘साहेब, चूक तुमची नाही. पोरगी खरंच जात नव्हती. काल स्वतःच्या तोंडाने बोलली.’ आईने आतून ‘अहो!’ केलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

हेडक्लार्क मग आत येऊन बसले. चष्मा पुसला. म्हणाले, ‘कागदावर ती हजर आहे. खाली प्राध्यापकांची सही आहे. ऐकीव गोष्टीवरून मी ती सही खोटी ठरवू शकत नाही. तिने स्वतः लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.’ मग माझ्याकडे वळले. ‘शुक्रवारी फॉर्म जातील. तोपर्यंत माझ्या टेबलावर आहेत. आणि आज संध्याकाळी मला अकोट्याला जायचंय. तू बरोबर चल.’

त्यांच्या स्कूटरमागे माझी लूना, असं आम्ही विश्वामित्रीच्या पुलावरून अकोट्याला गेलो. ‘या ने काका, बसा,’ म्हणत तिनेच दार उघडलं. आतल्या खोलीत तिची आई पडून होती. अर्धांगवायू. वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी. वर्षभर ती आईचं सगळं करत होती आणि जमेल तेव्हा कॉलेजला येत होती. हजेरीत सवलत मिळते ती स्वतःच्या आजारपणाची. आईच्या आजारपणाची मिळत नव्हती. चूक कळल्यावर हेडक्लार्कांनी तिचा अर्ज काढून वाचला होता आणि त्याच दिवशी तिच्यासाठी विद्यापीठात दोन खेटे घातले होते, हे तिथे बोलण्यातून मला कळलं. त्यांनी पाणी पिऊन ‘नाही’ सांगितलं. ती म्हणाली, ‘भले, काका, चालेल. मला वाटलंच होतं.’ आणि चहा टाकायला आत गेली.

मी तिथे अर्धा तास बसले. तिने दिलेला चहा प्यायले. तिने मला, कुठे राहतेस, काय करतेस, असं विचारलं, मी सांगितलं. एवढंच सांगितलं. परतताना ते पुलाच्या अलीकडे थांबले, मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, ‘लूनाचा लाइट लाव.’

शुक्रवारपर्यंत मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही वेळा सुरतेचं स्थळ डोळ्यांपुढे आलं. मी लिहून दिलं नाही. फॉर्म गेले. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. वडिलांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, पण निकालाच्या दिवशी पेढे आईने वाटले.

त्याच वर्षी कॉलेजच्या ऑफिसात एक हंगामी जागा निघाली. मी अर्ज केला, तोही कचरतच, कारण मुलाखतीला हेडक्लार्कच बसणार. प्राचार्यांनी यांना विचारलं, हिला घ्यावं का? हे माझ्यादेखत म्हणाले, ‘अवश्य घ्या. कागद खोटं कसं बोलतो ते हिला आतून ठाऊक आहे.’ धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. प्राचार्यांना वाटलं माझी स्तुती चाललीय. मला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी यांनी माझ्यापुढे कसलं काम ठेवलं असेल? हजेरीपत्रकं तपासण्याचं.

चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. किती घरांत त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायले त्याची गणती नाही. रडणाऱ्या मुलाच्या बापाकडे बघायचं नाही, मुलाकडे बघायचं. ‘काही मार्ग निघेल’ असं खोटं बोलायचं नाही. उठताना ‘येतो’ म्हणायचं आणि खरंच परत जायचं, हे सगळं त्यांनी न शिकवता शिकवलं. ते परत जायचेच. पुढच्या वर्षी फॉर्म भरायची वेळ आली की त्याच घरी आठवण करायला हजर. त्या शुक्रवारचा विषय त्यांनी चार वर्षांत एकदाही काढला नाही. मीही नाही. मला कधी कधी वाटायचं, ते विसरले. पण ते काही विसरणारे गृहस्थ नव्हते.

पुढे मी परीक्षा दिल्या, विद्यापीठात गेले, खुर्ची मोठी होत गेली. लोक विचारतात, प्रशासनात तुम्ही कशा आलात? मी सांगते, कॉलेजात एक चांगले गुरू भेटले. ते खोटं नाही. पण मी आले ते अकोट्यातल्या त्या अर्ध्या तासामुळे. घरातल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरीत सवलत मिळावी म्हणून मी टिपण लिहिलं, ते सात वर्षं या समितीतून त्या समितीत फिरलं, मी त्याच्यामागे फिरले, शेवटी ते मंजूर झालं. मी ती बातमी द्यायला त्यांच्या घरी गेले. ते तोवर फार थकले होते. म्हणाले, ‘हे तर “हो” आहे. पत्र टाकायचं ने!’ मग विचारलं, ‘अकोट्याला सांगितलंस?’ मी म्हटलं, सांगेन.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. गुजरातची बेसण्याची रीत आमच्या मराठी घरांनीही कधीच उचललीय: एका संध्याकाळी दोन तास फोटोसमोर बसायचं, हात जोडायचे, निघायचं. यांच्या बेसण्याला कुणी निघेना. हॉल भरला, मग बाहेरचा ओटा भरला. त्यांचा मुलगा गोंधळून मला म्हणाला, ‘ही सगळी कोण माणसं? बाबा तर लग्नकार्यालाही कुठे जायचे नाहीत.’ मी बघितलं, तर बहुतेक जण ‘नाही’वालेच होते. ‘मला होस्टेल नाही म्हणून सांगायला आले ने, तेव्हा मेसमध्ये माझ्याबरोबर जेवले,’ एक टक्कल पडलेले गृहस्थ सांगत होते. ‘माझ्या पप्पांनी तर हाकललं होतं एमने, काकांना,’ दुसरा म्हणत होता, आणि डोळे पुसत होता.

चपला शोधत मी ओट्याखाली उभी होते, तेव्हा शेजारी एक बाई येऊन थांबल्या. केस पांढरे, खांद्याला शाळेच्या बाईंसारखी पिशवी. ‘तू रावपुऱ्याची ने?’ त्या म्हणाल्या. ‘आपलं नाव एक.’

तीस वर्षं मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, ‘तेव्हा माझी हजेरी खोटी होती. मला लिहून द्यायचं होतं. दिलं नाही. तुझ्या घरी बसून चहा प्यायले आणि बोलले नाही.’

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘आपले रोल नंबर लागून होते. मी आठवड्यातून एक-दोन दिवस यायचे, त्या दिवशी पण तुझ्या नंबरला मागून दुसरीच कोणी बोलायची.’

‘म्हणजे त्या संध्याकाळी...’

‘हा, तेव्हा पण माहीत होतं. काकांनी नंतर मला विचारलं पण, तुला काही सांगायचंय का. मी नाही म्हटलं. एकीचं वर्ष गेलं ते पुरे होतं ने.’

मला हुंदका आवरेना. आणि त्या गडबडीत मी काय करावं? मी तिला माझा ठराव सांगायला लागले. सवलत, सात वर्षं, समित्या. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून म्हणाली, ‘सरस काम केलंस. खरंच.’ माझ्या पाठीवर हात ठेवला. मग चप्पल पायात सरकवता सरकवता, रागाने नाही, अगदी सहज तिने विचारलं, ‘काका दर दिवाळीला यायचे. तुझं सांगायचे, लोकांच्या घरी घरी जाते म्हणून. मला वाटायचं, एक दिवस माझ्याकडे पण येईल. मी तर तिथेच राहते अजून, तेच घर. तू का नाही आलीस?’